बाळ गेल्यानंतर कुणाच्या उपयोगी पडताना

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय जड आहे: आपलं बाळ गेल्यावर आई-बाप दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडू पाहतात, त्याविषयी. ज्यांना आत्ता ऐकवणार नाही त्यांनी खुशाल रेडिओ बंद करावा.

गर्भारपणाचे २८ आठवडे उलटल्यावर, पण जन्माआधीच दगावणाऱ्या बाळांची संख्या जगात दरवर्षी सुमारे १९ लाख आहे. जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच जाणारी बाळं वेगळी; २०२२ साली ती सुमारे २३ लाख होती. म्हणजे हे दुःख दुर्मीळ नाही. तरी भेटायला येणारे काय बोलतात? "अजून वय आहे, दुसरं होईल." जणू गेलेलं बाळ म्हणजे चुकलेली गाडी!

एक गोष्ट आईला बहुधा कुणी आधी सांगत नाही. बाळ गेलं तरी पान्हा फुटतो. वार पडली की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि दोन-चार दिवसांत छाती दाटून येते. घ्यायला बाळ नाही आणि दूध मात्र आहे. काहीजणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते आटवतात, काहीजणी दूधपेढीला देतात. तिथे दात्या आईच्या रक्ताची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवतात आणि मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, अगदी कमी वजनाच्या बाळांना पाजतात. स्वतःच्या आईचं दूध मिळत नसेल तेव्हा अशा दुधामुळे त्यांच्यातला आतड्याचा एक जीवघेणा आजार कमी होतो, हे सिद्ध झालेलं आहे. माझ्या बाळाच्या वाट्याचं दूध कुणाच्या तरी पोटात गेलं, याचा आधार कित्येक आयांना वाटतो. पण "दूध वाया कशाला घालवतेस?" असं म्हणायला कुणीही जाऊ नये. तो निर्णय तिचा. आटवलं तरी तेही बरोबरच.

कुणी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी टोपरी-झबली शिवतं. त्यांना दुकानातले कपडे फार मोठे होतात. कुणी नुकतंच बाळ गेलेल्या दुसऱ्या आईशेजारी जाऊन बसतं, आणि मला हे सगळ्यांत मोलाचं वाटतं. तिथे सल्ला द्यायचा नसतो. बाळाचं नाव काय ठेवलं होतं, एवढं विचारलं तरी पुरतं. बाकीचे ते नाव घ्यायलाच घाबरतात.

आणि बाप? तो दवाखान्याचे कागद आणि फोन सांभाळतो, म्हणून त्याला रडू येत नाही असं घरच्यांनी धरलेलं असतं. कित्येक बापांना समोरासमोर बसून बोलणं जमत नाही, पण चारजणांत मिळून काही काम करताना ते बोलू लागतात.

अशी मदत करायची घाई मात्र नको. आपली जखम ओली असताना दुसऱ्याचं ऐकायला बसलं तर झोप उडते, आपलेच दिवस पुन्हा डोळ्यांपुढे येतात. तसं झालं तर थांबावं, आणि आठवडे गेले तरी झोप-जेवण ताळ्यावर येत नसेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठावं. ज्या तारखेला बाळ यायचं होतं, त्या आठवड्यात "मी येणार नाही" असं सोबतच्यांना आधीच सांगून ठेवावं. कारण विचारलं तर तारीख सांगावी. नसेल सांगवत तर तेवढंही नको.