क्रिस्टल फिल्टरची घरगुती चाचणी: आधी जोडणी तपासा, मग फिल्टर

मित्रहो, आज आपण ९ मेगाहर्ट्झचा, आठ क्रिस्टलचा आणि २.४ किलोहर्ट्झ रुंदीचा, रेडिओ सेटमधला एसएसबी (सिंगल साइडबँड) फिल्टर समोर ठेवून बोलू. फिल्टर जुन्या सेटमधून काढलेला असो वा घरी बांधलेला, एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की लक्षात ठेवायची. पडद्यावर उमटणारा आलेख एकट्या फिल्टरचा कधीच नसतो. दोन्ही टोकांच्या टर्मिनेशनचा (तिथे जोडलेल्या रोधाचा) त्यात वाटा असतो, आणि फिल्टरला वळसा घालून परस्पर पलीकडे पोचणाऱ्या सिग्नलचाही. चांगले फिल्टर खराब ठरवून बाजूला टाकले जातात ते अनेकदा याच दोन कारणांनी.

आधी गळतीचा हिशेब करू. इनपुट आणि आउटपुट यांच्यात नुसता १ पिकोफॅरडचा स्ट्रे (मांडणीतून आपोआप तयार होणारा) कपॅसिटन्स आहे असं धरा. ९ मेगाहर्ट्झला त्याची रिअ‍ॅक्टन्स सुमारे १७.७ किलोओहम होते. दोन्ही बाजूंना ५०० ओहमचं टर्मिनेशन असेल, तर एवढ्या वाटेने जाणारा सिग्नल फक्त २५ डेसिबल खाली असतो. मग फिल्टर कितीही उत्तम असो, त्याचा तळ उणे २५च्या आसपासच अडकणार. उणे ६५ पाहायचं असेल तर हा कपॅसिटन्स ०.०१ पिकोफॅरडवर आणावा लागतो. ब्रेडबोर्डवर हे होणे नाही. तिथे शेजारच्या ओळींमध्येच एक-दोन पिकोफॅरड सहज असतात.

म्हणून कॉपर क्लॅड बोर्डाचा अखंड तुकडा घ्या. दोन टोकांना कोअ‍ॅक्स सॉकेट बसवा आणि मधोमध पत्र्याचा उभा पडदा सोल्डर करा. फिल्टरची इनपुट पिन पडद्याच्या एका बाजूला आणि आउटपुट पिन दुसऱ्या बाजूला यायला हवी. फिल्टरचा डबा ग्राउंडला अगदी आखूड तारेने जोडा, पण सोल्डरिंग आयर्न डब्यावर फार वेळ टेकवू नका. आता फिल्टर न लावता मोजा. दिसेल तो तुमच्या मांडणीचा तळ. हा तळ मोजायच्या पातळीपेक्षा फक्त १० डेसिबल खाली असेल तर वाचनात २ ते ३ डेसिबलची चूक शिरते. २० डेसिबल खाली असेल तर चूक १ डेसिबलच्या आत राहते.

टर्मिनेशनकडे वळू. केव्हीजी या जर्मन कंपनीच्या एक्सएफ-९बी या प्रसिद्ध फिल्टरला ५०० ओहम आणि त्याला समांतर ३० पिकोफॅरड लागतात. आपल्या हातातला नॅनोव्हीएनए (असा आलेख काढणारं छोटं मापनयंत्र) मात्र ५० ओहमचा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्रत्येक बाजूला सिरीजमध्ये ४५० ओहम टाकणे. ४७० ओहमला १० किलोओहम समांतर लावले की ४४९ मिळतात. यात २० डेसिबल सिग्नल खर्ची पडतो. नॅनोव्हीएनएची पोच मुळात ७० डेसिबलच्या आसपास, म्हणजे हाती उरतात ५०. पासबँडचा (फिल्टर जाऊ देतो त्या पट्ट्याचा) आकार आणि रिपल (त्यातले चढउतार) पाहायला एवढं पुष्कळ झालं, पण उणे ६० डेसिबलची रुंदी यातून मिळणार नाही.

ती हवी असेल तर एल-नेटवर्क (५० ओहमला ५०० ओहमशी जुळवणारी कॉइल-कपॅसिटरची जोडणी) करा. ५० ओहमच्या बाजूने सिरीजमध्ये २.६५ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि तिच्यानंतर ग्राउंडकडे १०६ पिकोफॅरड. टी५०-२ टोरॉईडवर २३ वेढे घेतले की ही कॉइल होते. कपॅसिटरसाठी १०० पिकोफॅरडला छोटा ट्रिमर जोडा. फिल्टरला हवे असलेले ३० पिकोफॅरड यात मिळवायचे असतात, वजा करायचे नसतात. म्हणजे फिल्टर लावल्यावर एकूण १३६.

शून्याची रेषा ठरवण्यासाठी दोन्ही नेटवर्क फिल्टरशिवाय, पाठीला पाठ लावून जोडतात. त्या वेळी हे जादा ३० पिकोफॅरड दोन्ही बाजूंनी काढून ठेवा. तसेच राहिले तर ते एकमेकांत मिळून ६० होतात, शून्याची रेषा सुमारे २.४ डेसिबलने खाली बसते आणि फिल्टर आहे त्यापेक्षा चांगला भासतो. ही चूक आलेखात कुठेही दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल विशेष आग्रहाने सांगतो आहे.

स्वीपची (एका फेरीत मोजायच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्याची) रुंदी १० किलोहर्ट्झ ठेवा. १०१ बिंदू असतील तर दर १०० हर्ट्झला एक वाचन मिळतं. ५०० हर्ट्झच्या सीडब्ल्यू (मोर्स) फिल्टरला ते विरळ पडतं, तिथे स्वीप २ किलोहर्ट्झवर आणा. घाई मात्र नको. ९ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा क्यू (गुणवत्तांक) एक लाख असेल तर त्याचा टाइम कॉन्स्टंट (स्थिरावायला लागणाऱ्या वेळेचं माप) साडेतीन मिलिसेकंद येतो. डीडीएस (डिजिटल सिग्नल जनरेटर) आणि एडी८३०७ (सिग्नलची पातळी मोजणारी चिप) वापरून स्वतः स्वीपर केला असेल तर प्रत्येक पायरीवर २० मिलिसेकंद थांबा. फ्रिक्वेन्सी एकदा चढती आणि एकदा उतरती घ्या. दोन आलेख एकमेकांवर बसले नाहीत तर वेग जास्त आहे. एडी८३०७ ला फ्रिक्वेन्सीची निवड नसते, जे येईल ते सगळं तो मोजतो. त्यामुळे उगमस्थानी हार्मोनिक अडवणारा लो-पास फिल्टर हवाच.

आता आलेख वाचायचा. पासबँडमध्ये २-३ डेसिबलचे उंचवटे दिसले तर टर्मिनेशनची रोधकता २० टक्क्यांनी बदलून पाहा. उंचवटे हलले, तर दोष जुळणीचा. काहीही बदललं तरी खड्डा त्याच जागी राहिला, तर एखाद्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी सरकलीय किंवा तो निकामी झालाय असं समजा. डबा लाकडी काडीने हलकेच ठोकल्यावर आलेख उडी मारत असेल, तर आतली जोडणी सुटली आहे. कडा गोलावलेल्या आणि एकूण घट ८-१० डेसिबल असेल तर क्रिस्टलचा क्यू कमी आहे. एक्सएफ-९बीसारख्या फिल्टरमध्ये घट ३.५ डेसिबलच्या आत असायला हवी. अरुंद फिल्टरमध्ये त्याच क्रिस्टलनी जास्त घट येते, तिथे हा निकष लावू नका.

घरी केलेल्या लॅडर (शिडीसारख्या मांडणीच्या) फिल्टरचा वरच्या फ्रिक्वेन्सीचा उतार खालच्या उतारापेक्षा उभा असतो. क्रिस्टलचा पॅरलल रेझोनन्स वरच्या बाजूला असल्यामुळे तसं होतं. तो दोष नाही. वरच्या बाजूला काही शे किलोहर्ट्झ मात्र तपासाच, कारण क्रिस्टलचे नको असलेले प्रतिसाद तिथेच डोकं काढतात. ते अगदी अरुंद असतात, तेव्हा तो पट्टा तुकड्यातुकड्याने पाहा.

शेवटची चाचणी रिसीव्हरमध्ये. एजीसी (पातळी आपोआप सांभाळणारी व्यवस्था) बंद करा, अँटेनाच्या जागी नॉइज सोर्स लावा आणि ऑडिओ संगणकाच्या स्पेक्ट्रम प्रोग्रॅममध्ये सरासरी घेऊन पाहा. बीएफओ (रिसीव्हरमधला बीट ऑसिलेटर) फिल्टरच्या केंद्रापासून १.५ किलोहर्ट्झवर, म्हणजे ८.९९८५ किंवा ९.००१५ मेगाहर्ट्झवर असेल, तर ३०० ते २७०० हर्ट्झचा पट्टा दिसायला हवा. मग एक स्थिर कॅरियर झीरो बीटच्या (जिथे ऐकू येणारा सूर शून्यावर येतो त्या जागेच्या) दोन्ही बाजूंना १ किलोहर्ट्झवर ऐकून पातळ्यांची तुलना करा. फरक टेबलावरच्या आलेखाशी जुळला नाही, तर फिल्टर उपसू नका. फिल्टर बदलण्यासाठी डायोड स्विच असतील तर संशय आधी त्यांच्यावर घ्या: बंद १एन४१४८ मध्येही पिकोफॅरडच्या घरातला कपॅसिटन्स असतो. सिरीज डायोडनंतर ग्राउंडकडे दुसरा डायोड द्या आणि सिरीजचा डायोड बंद असताना हा चालू राहील असं बायस ठेवा.