डाउनलोडचं बटण कुठे ठेवायचं, हे कोण ठरवणार?

मित्रहो, ठाण्यात आपल्या गटाची वेबसाइट बदलण्यावरून गेले काही रविवार जोरात वाद चाललाय. मी आज रंगांवर किंवा लोगोवर बोलणार नाही. रंगाबद्दल प्रत्येकाला मत असतं आणि ते मांडायला काही तयारी लागत नाही, म्हणून सगळी दुपार तिथेच जाते. मला डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाबद्दल सांगायचंय, कारण आपल्यासारखाच वाद तिथे होऊन गेलाय.

१९९३ पासून स्वयंसेवक हा प्रकल्प चालवताहेत. नवख्या माणसाला त्यांच्या साइटवर नेमकी कुठली फाइल उतरवून घ्यायची तेच कळायचं नाही. डिसेंबर २०२० मध्ये पहिलं पान नव्यानं आलं, डाउनलोडचा दुवा ठळक झाला. पान नक्कीच सुधारलं. तरी नवख्याची अडचण सुटली नाही. बटण दाबून मिळणाऱ्या फाइलमध्ये अनेक लॅपटॉपच्या वाय-फायला लागणारं फर्मवेअर, म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नव्हतं. ते मुक्त नाही, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघून बदलता येत नाही, आणि अधिकृत प्रतीत मुक्त नसलेलं काही घालायचं नाही हा त्यांचा जुना नियम. फर्मवेअर असलेली प्रतही तयार होत होती, पण ‘अनधिकृत’ म्हणून आडबाजूला ठेवलेली. ज्याला ती सर्वांत जास्त हवी, त्याच्या हाती ती लागणं सर्वांत कठीण.

आता यात डिझायनरनं काय करायचं? बटण कितीही मोठं केलं तरी ते कुठल्या प्रतीकडे नेणार, हा प्रकल्पाच्या तत्त्वाचा प्रश्न होता. २०२२ मध्ये सभासदांनी त्यावर रीतसर मतदान घेतलं. अधिकृत प्रतीतच फर्मवेअर द्यायचं ठरलं आणि त्यांच्या सामाजिक करारात, म्हणजे प्रकल्पाची तत्त्वं लिहिलेल्या दस्तऐवजात, तशी मुभा देणारं वाक्य जोडलं गेलं. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अमलात आलं. विरोधात मत देणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. मुक्ततेचा तो आग्रह नसता तर डेबियन आज जसा आहे तसा उभाच राहिला नसता. पण मतभेद मिटलेला नाही म्हणून उपयोगाची गोष्ट आतल्या पानात दडवून ठेवायची, हे मला मान्य नाही.

आपल्याकडेही तेच चाललंय. पहिल्या पानावर मराठी आधी की इंग्रजी, हा भांडणाचा खरा मुद्दा आहे, आणि त्याला आपण ‘लेआउट’ म्हणतोय. माझं मत स्पष्ट आहे, मराठी आधी. आणि ती नीट हवी. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटतात. ती नोंद नसेल तर हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर, कुठल्या भाषेत वाचायचं हे त्याच नोंदीवरून ठरवतो. एवढ्याशा नोंदीवर एका माणसाचं सगळं वाचन अवलंबून आहे आणि आपल्या चर्चेत तिचा अजून उल्लेखही झालेला नाही! फिकट राखाडी अक्षरांचंही तसंच. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा, हा जगभर मानला गेलेला निकष आहे. दुपारच्या लोकलमध्ये दाराशी उभं राहून फोन बघा, तो कशासाठी आहे ते कळेल.

जुने दुवे मोडायचे नाहीत, यावर वाद नसावा.

तेव्हा माझी सूचना अशी. पानाच्या मांडणीची नवीन चित्रं काढणं थोडं थांबवा. भाषेचा प्रश्न आधी मताला टाका, निकाल कारणांसह लिहून ठेवा. मग कळव्याची किंवा ऐरोलीची, आपल्या गटाबाहेरची दोन-तीन कॉलेजची मुलं बोलवा. त्यांच्या हातात त्यांचेच फोन असू द्या. ‘हे सॉफ्टवेअर उतरवून घे,’ एवढंच सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. ती कुठे अडतात ते एकानं टिपून घ्यायचं. ते काम मी करीन. जुन्या दुव्यांची यादी कोण करणार, ते आता इथेच ठरवूया.