जीडीबी बंद केल्यावर कमांड जातात कुठे?

राम राम मंडळी. जीडीबी, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून त्यातली चूक शोधायचं साधन, तुम्ही सगळ्यांनीच वापरलाय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. लिंक्ड लिस्टचा प्रोग्राम फुटतोय. बराच वेळ खपून तुम्ही अटीचा ब्रेकपॉइंट, म्हणजे अट पुरी झाली की प्रोग्राम थांबवणारी खूण, जमवता, "ब्रेक इन्सर्ट इफ काउंट == 5". प्रोग्राम बरोबर जागेवर थांबतो, तीन-चार पॉइंटर तपासून होतात, तुम्ही "क्विट" करता. दुसऱ्या दिवशी वरच्या बाणाची कळ दाबावी तर काहीच येत नाही. यात बिघाड काही नाही. जीडीबीत हिस्टरी, म्हणजे आधी दिलेल्या कमांडची यादी, जतन करणं मुळातच बंद असतं, ते आपण चालू करायचं असतं.

होम फोल्डरमध्ये डॉट-जीडीबीइनिट नावाची फाइल करा. नावं आणि कमांड अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायच्या. पहिली ओळ "सेट हिस्टरी सेव्ह ऑन". दुसरी "सेट हिस्टरी फाइलनेम", आणि तिच्यापुढे होम फोल्डरमधल्या फाइलचा पूर्ण मार्ग. तिसरी "सेट हिस्टरी साइझ 5000", कारण न सांगता मिळतात त्या फक्त 256 कमांड.

यातली दुसरी ओळ बरेच जण गाळतात आणि मग फसतात. फाइलनेम दिलं नाही तर जीडीबी ज्या फोल्डरमधून सुरू केला तिथेच डॉट-जीडीबी-हिस्टरी अशी फाइल बनते. आज असाइनमेंटच्या फोल्डरातून सुरू केला, उद्या एक पायरी वरून, की दोन वेगळ्या हिस्टऱ्या तयार होतात आणि "काल सेव्ह झालं होतं, आज नाही" अशी तक्रार सुरू होते. मोठ्या प्रोजेक्टला स्वतंत्र हिस्टरी हवी असेल तर तिथे जीडीबीहिस्टफाइल हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमध्ये ठरवून ठेवायची किंमत, जी प्रोग्राम सुरू होताना वाचतो) द्या. पण मग डॉट-जीडीबीइनिटमधली फाइलनेमची ओळ काढा. दोन्ही ठेवून गोंधळ वाढवू नका.

आणखी एक. जुनी फाइल वाचली जाते ती जीडीबी सुरू होतानाच. त्यामुळे प्रॉम्प्टवर मध्येच फाइलनेम बदललंत तर नव्या फाइलीतल्या जुन्या कमांड लगेच बाणाला लागणार नाहीत. सगळं नीट बसलंय का हे "शो हिस्टरी" सांगतं, आणि "शो कमांड्स" शेवटच्या दहा कमांड दाखवतं.

आता आपल्याकडचा खरा त्रास. हिस्टरी फाइलीत लिहिली जाते ती जीडीबीतून नीट बाहेर पडताना. भर उन्हाळ्यात लॅबमधली लाईट गेली, किंवा अडकलेला जीडीबी दुसऱ्या टर्मिनलवरून "किल -9" ने मारला, तर त्या सेशनच्या कमांड गेल्याच. उपाय आहे. सुरुवातीलाच "सेट ट्रेस-कमांड्स ऑन" आणि "सेट लॉगिंग एनेबल्ड ऑन" द्या. बाराव्या आवृत्तीच्या आधीचा जीडीबी असेल तर नुसतं "सेट लॉगिंग ऑन". चालू फोल्डरात जीडीबी डॉट टीएक्सटी तयार होते, आणि कमांड व त्यांचं उत्तर काम चालू असतानाच तिच्यात उतरत जातं. कमांडच्या आधी अधिकचं चिन्ह असतं, त्यावरून त्या वेगळ्या काढता येतात. लाईट गेल्यावर शेवटचे काही क्षण हुकू शकतात, पण बाकीचं काम हाती राहतं. ब्रेकपॉइंट वेगळे ठेवायचे तर "सेव्ह ब्रेकपॉइंट्स" आणि फाइलचं नाव. परत आणायला "सोर्स" आणि तेच नाव.

हिस्टरीत माझ्या मते सर्वांत मोलाचा असतो तो कमांडचा क्रम. कंट्रोल-आर दाबून "इन्सर्ट" टाइप करा, जुनी ओळ सापडते. तिथे एंटरऐवजी कंट्रोल-ओ दाबा. ती कमांड चालते आणि हिस्टरीतली पुढची ओळ आपोआप समोर येते. पुन्हा कंट्रोल-ओ, पुन्हा पुढची. कालचा अख्खा तपास असा ओळीने परत चालवता येतो. म्हणूनच "सेट हिस्टरी रिमूव्ह-डुप्लिकेट्स" ला अनलिमिटेड देऊ नका. त्याने आधीच्या सारख्या ओळी पुसल्या जातात आणि साखळी तुटते. 1 दिलंत तर लागोपाठ आलेली तीच कमांड तेवढी गळते, ते पुरेसं आहे.

उद्गारचिन्हाने जुनी कमांड बोलावण्याची सोयही आहे, पण ती बंदच असू द्या. सी मध्ये तेच चिन्ह "नाही" या अर्थाने येतं, आणि "प्रिंट !फ्लॅग" लिहिताना घोळ होतो.

जुन्या ओळी डोळे झाकून चालवू नका. कोडमध्ये दोन ओळी वाढल्या की "ब्रेक 42" भलतीकडेच थांबतो. फंक्शनच्या नावावर लावलेला ब्रेकपॉइंट टिकतो. मेमरीतल्या पत्त्यांचंही तसंच, पुन्हा कंपाइल केलं की कालचा पत्ता आज दुसऱ्याच गोष्टीचा असू शकतो.

सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने, जीडीबी चालवलात तर हिस्टरीची फाइल रूटच्या मालकीची होऊ शकते, आणि नंतर साध्या सेशनला ती ना वाचता येते ना लिहिता येते. हिस्टरी अचानक थांबली तर आधी "एलएस -एल" करून मालक पाहा, आणि रूट दिसला तर "सुडो चाउन" ने फाइल स्वतःच्या नावावर करून घ्या. कोडच्या आवृत्त्या ठेवायला गिट वापरणाऱ्यांनी ही फाइल डॉट-गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, टाकावी, कारण प्रिंट करताना टाइप केलेला पासवर्डही तिच्यात जसाच्या तसा पडून असतो.