ग्लॉसी की मॅट : आधी खोलीतला दिवा बघा

मंडळी, गेमिंगसाठी मॉनिटर घ्यायचा म्हटलं की रिफ्रेश रेट आणि रिस्पॉन्स टाइम यांवर तासन्‌तास वाद होतात, आणि पडद्याचा पृष्ठभाग ग्लॉसी (चकचकीत) हवा की मॅट (चकाकी नसलेला) हे शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं जातं. पण २४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारा पॅनेल (चित्र दाखवणारा पडदा) घेऊनही अंधाऱ्या कोपऱ्यातला शत्रू दिसत नसेल, तर दोष बहुतेक वेळा पृष्ठभाग आणि खोली यांच्या न जमलेल्या जोडीचा असतो. म्हणून आज फक्त तेवढ्यावरच बोलू.

काचेचा किंवा प्लॅस्टिकचा गुळगुळीत पृष्ठभाग समोरून पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परत पाठवतो. वर परावर्तन कमी करणारं कोटिंग नसेल तर हे टळत नाही. मॅट पृष्ठभागही साधारण तेवढाच उजेड परत पाठवतो, पण त्यावर मुद्दाम सूक्ष्म खडबडीतपणा आणलेला असल्यामुळे तो उजेड सगळीकडे विखुरतो. दिव्याची आकृती मोडते, दिवा मात्र नाहीसा होत नाही. त्याचा उजेड पांढुरक्या थरासारखा काळ्या रंगावर बसतो. ‘मॅट घेतला की चकाकी गेली’ असं समजणारे इथे फसतात.

आकडे घालून बघू. खोलीत ३०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड आहे, म्हणजे रात्री ट्यूब लावलेली चांगली उजळ खोली, आणि पडदा त्यातला १ टक्का विखरून परत पाठवतो असं धरा. पडद्यावर साधारण १ निटचा (निट म्हणजे पृष्ठभाग किती उजळ दिसतो याचं माप) थर तयार होतो. आयपीएस (मागून दिवा असलेल्या एलसीडीचा एक प्रकार) पॅनेलचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते, कागदावर १०००:१; पांढरा २०० निट, तर काळा ०.२ निट. त्यात हा १ निट मिळवला की कॉन्ट्रास्ट १६७:१ वर येतं. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून त्याचा काळा शून्य, तरी त्याच खोलीत तो २०० च्या आसपासच थांबतो. ओएलईडीसाठी मोजलेले जादाचे पैसे त्या ट्यूबखाली जवळजवळ वाया जातात. उजेड ५० लक्सवर आणा. आयपीएस साडेपाचशेपर्यंत चढतो आणि ओएलईडी १२०० च्या पुढे जातो. पॅनेल तेच, कोटिंगही तेच, फक्त दिवा बदलला.

ग्लॉसीचं गणित वेगळं आहे, कारण तिथे प्रश्न आकृतीचा. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरच्या एलईडी ट्यूबची पट्टी सहज दहा हजार निटच्या पुढे असते. तिचे ४ टक्के म्हणजे ४०० निट. पडद्यावरच्या पांढऱ्यापेक्षा ते प्रतिबिंब दुप्पट उजळ. ट्यूब दिसत नसली तरी पांढरा टी-शर्ट दिसतो. ३०० लक्समध्ये त्याची दीप्ती ७५ निटच्या आसपास, त्याचे ४ टक्के म्हणजे ३ निट, आणि आयपीएसचा काळा ०.२. गेममधल्या अंधाऱ्या गुहेतल्या प्रसंगात स्वतःची छाती दिसते ती यामुळे. गडद रंगाचा टी-शर्ट घालून बसणं हा चेष्टेचा सल्ला नाही, त्याने खरंच फरक पडतो.

चांगल्या ग्लॉसी पडद्यांवर परावर्तन कमी करणारा पातळ थर असतो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा अशा कामाचा थर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे त्या थरातल्या हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाइतका. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात, आणि ४ टक्क्यांचे एक-दीड टक्के होतात. बंद पडद्यात दिव्याचं प्रतिबिंब जांभळं किंवा हिरवट दिसलं तर असा थर आहे असं समजा. पांढरंशुभ्र दिसलं तर बहुधा नाही. मात्र ट्यूबचं प्रतिबिंब ४०० वरून १०० निटवर आलं तरी डोळ्याला खुपतंच. हा थर टी-शर्टपासून वाचवतो, ट्यूबपासून नाही.

क्यूडी-ओएलईडीची (क्वांटम डॉट वापरून रंग दाखवणाऱ्या ओएलईडीची) गोष्ट स्वतंत्र सांगायला हवी. त्यात पोलरायझर (ठरावीक दिशेचाच प्रकाश जाऊ देणारा थर) नसतो, त्यामुळे खोलीतला उजेड आतपर्यंत जातो आणि परत येतो. २०२२ चा एलियनवेअरचा ३४ इंची क्यूडी-ओएलईडी मॉनिटर आला तेव्हापासून दिसणारा जांभळट-करडा काळा रंग तो हाच. दिवसा उजेडात खेळणाऱ्याने हा पॅनेल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मंद उजेडात मात्र त्याच्यासारखं चित्र फार थोडे पॅनेल देतात.

मॅटचा दुसरा तोटा म्हणजे चमचम. खडबडीतपणाचे कण आणि सबपिक्सेल (एका पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा हे भाग) यांची मापं जवळ आली की प्रत्येक कण छोट्या भिंगासारखा वागतो आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर वाळू सांडल्यासारखी दिसते. २७ इंची १४४०पीचा (२५६०×१४४० पिक्सेल) पिक्सेल ०.२३३ मिलिमीटर, तर त्याच आकाराच्या फोर-केचा (३८४०×२१६०) ०.१५५. पिक्सेल जितका बारीक, तितका जाडाभरडा मॅट जास्त नडतो. पॅनेलच्या तपशिलात ‘हेझ’ (पृष्ठभाग प्रकाश किती विखुरतो) असा आकडा सापडला तर तो बघा: २५ टक्के म्हणजे नेहमीचा मॅट, त्याहून बराच खाली म्हणजे सेमी-ग्लॉसीकडे झुकलेला. दुकानात तपासायचं तर पूर्ण पांढरं पान उघडा आणि ६० सेंटिमीटरवरून डोकं हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवा. वाळू चमकली तर तो पडदा दिवसभर कोडिंग आणि रात्री गेम अशा माणसाचा नव्हे.

विकत घेण्याआधी घरी एक चाचणी करा. काचेच्या फोटोफ्रेममध्ये काळा कार्डपेपर घाला, मॉनिटरच्या जागी त्याच उंचीवर उभी करा आणि ज्या वेळी खेळता त्या वेळी खुर्चीत बसून बघा. फ्रेमच्या काचेला दोन पृष्ठभाग असल्याने ती ८ टक्के परत पाठवते, म्हणजे खऱ्या पडद्यापेक्षा चित्र वाईटच दिसेल. नुसती भिंत आणि कपडे पुसट दिसले तर ग्लॉसी खुशाल घ्या. ट्यूबची पट्टी किंवा गॅलरीचा दरवाजा स्पष्ट दिसला तर आधी टेबल हलवा. खिडकी पडद्याच्या काटकोनात, बाजूला असावी, पाठीमागे नको. पडदा ५ अंश कलवला की प्रतिबिंब १० अंश सरकतं, त्यामुळे मागे झुकवलेला पडदा थोडा सरळ केला तर छतावरचा दिवा पुष्कळदा निघून जातो. टेबल हलवता येत नसेल आणि ट्यूब बंद करायला घरचे तयार नसतील, तर मॅट घ्या आणि मन मोडू देऊ नका. स्पर्धांच्या मंचावर, प्रखर दिव्यांखाली, वर्षानुवर्षं मॅट पडदेच वापरले गेले आहेत. तिथे रंगांच्या खोलीपेक्षा समोरच्या शत्रूचं डोकं दिसणं महत्त्वाचं.

आता पुसण्याबद्दल. ग्लॉसीवर बोटांचे ठसे लगेच दिसतात, पण निघतातही. मॅटवर तेल खडबडीत खळग्यांत बसतं, आणि घासून काढायला गेलात तर तो खडबडीतपणाच झिजून कायमचा चकचकीत डाग पडतो. आधी कोरड्या मायक्रोफायबरने धूळ झटका, मग डिस्टिल्ड पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या कापडाने दाब न देता पुसा. अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे दोन्हींना वर्ज्य, आणि कुठलाही द्रव थेट पडद्यावर मारायचा नाही. थेंब ओघळून खालच्या कडेत शिरतो, तिथेच पॅनेलच्या नाजूक जोडण्या असतात आणि उभ्या रेघा उमटायला लागतात. ओला कागद लावून मॅट थर सोलण्याचे प्रयोगही करू नका. त्या थराबरोबर पोलरायझर सुटला की पॅनेल गेला.