सवयीचा ‘वुड’ आणि कल्पनेतला ‘वुड’

नमस्कार श्रोतेहो.

एक साधं वाक्य ऐका. ‘इफ इट रेन्ड, वी वुड प्ले इनसाइड.’ याचं मराठी काय कराल? शाळेतली ‘इफ’च्या (जर-तरच्या) वाक्यांची तीन ठरीव कोष्टकं ज्यांच्या डोक्यात पक्की बसली आहेत, ते लगेच सांगतील: ही कल्पना आहे. पाऊस पडलाच तर आम्ही आत खेळू, पण पडेलसं काही दिसत नाही. आता याच वाक्याआधी ‘व्हेन वी वर चिल्ड्रन’ एवढे शब्द जोडा. अर्थ पार बदलतो. लहानपणी पाऊस आला की आम्ही आत खेळत असू. आता यात कल्पना उरली नाही. ती रोजची रीत झाली.

इंग्रजीतला ‘वुड’ या दोन्ही घरांत वावरतो. मराठीत तसं नाही. ‘खेळत असू’ हा आपला रीतिभूतकाळ, ‘खेळलो असतो’ हा संकेतार्थ. कुणी एकाच्या जागी दुसरा वापरला तर कानाला लगेच खटकतं. म्हणून इंग्रजी बोलताना आपली पंचाईत होते, आणि त्यात आपला फारसा दोष नाही.

ओळखायचं कसं? ‘इफ’ काढून ‘व्हेनेव्हर’ घालून पाहा. वाक्य तसंच टिकलं, तर गोष्ट सवयीची. नाही टिकलं, तर कल्पनेची. आणखी एक खूण आहे, ती वर्गात क्वचितच सांगतात. ‘इफ आय वॉज लेट, ही वुड वेट’ म्हणजे मला उशीर झाला की तो थांबत असे. इथे ‘वॉज’च हवा. ‘इफ आय वर लेट’ म्हटलंत की तुम्ही कल्पनेच्या प्रांतात गेलात. बोलताना कल्पनेतही लोक सर्रास ‘वॉज’ म्हणतात, त्यामुळे ही खूण एका बाजूनेच चालते. पण ‘आय’, ‘ही’, ‘शी’ किंवा ‘इट’बरोबर ‘वर’ ऐकू आला, तर सवयीचा अर्थ सोडून द्या.

मग आपण स्वतः बोलताना काय निवडावं? संशयाला जागा ठेवायची नसेल तर साधा भूतकाळ उत्तम: ‘इफ इट रेन्ड, वी प्लेड इनसाइड.’ ‘यूस्ड टू’सुद्धा चालतो, आणि तो एका ठिकाणी ‘वुड’पेक्षा सरस ठरतो. पूर्वीची स्थिती सांगताना ‘वुड’ कामाचा नाही. मी तिथे राहत असे, याला ‘आय यूस्ड टू लिव्ह देअर’ म्हणायचं. ‘आय वुड लिव्ह देअर’ ऐकणारा पुढच्या ‘इफ’ची वाट बघत बसेल. ‘वुड’ला पुन्हापुन्हा घडणारी कृती लागते, आणि कोणत्या काळातली ते आधी सांगितलेलं असावं लागतं. लेखक मंडळी आठवणी लिहिताना सुरुवात ‘यूस्ड टू’ने करतात आणि मग ‘वुड’वर येतात, ते यासाठीच.

एक चूक मात्र टाळा: ‘इफ इट वुड रेन, वी वुड प्ले.’ दोन्हीकडे ‘वुड’ घातला की तोल साधतो असं वाटतं, पण सवयीच्या वाक्यात ‘इफ’च्या बाजूला साधा भूतकाळच ठेवायचा.

आजच्या सवयीबद्दल फार बोलायला नको. दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ: ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.’ फक्त एक गंमत सांगतो. ‘इफ यू लेट हिम, ही विल टॉक फॉर आवर्स’ या वाक्यात ‘विल’ भविष्याचा वाटतो, पण तो स्वभाव सांगतो: मोकळं सोडलं की हा तासन्‌तास बोलतो. आणि ‘ही विल इंटरप्ट’ म्हणताना कुणी ‘विल’वर मुद्दाम जोर दिला, तर समजा, बोलणारा त्या माणसाच्या मध्येच बोलण्याला अगदी विटलेला आहे.