ताप गेला, छाती साफ झाली. मग हा खोकला का जात नाही?

नमस्कार. न्यूमोनियातून उठलेल्या माणसाने श्वासाचे व्यायाम कसे करावेत, यावरचा मागचा व्हिडिओ पाहून ज्यांनी प्रश्न पाठवले, त्यांतल्या बहुतेकांना व्यायामाशी काही देणेघेणे नव्हते. ताप जाऊन महिना झाला, एक्स-रे चांगला आला, डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे, आणि तरीही रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ढास लागते, ती का, एवढेच सगळ्यांना विचारायचे होते. मी छातीच्या रुग्णांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे आणि औषध लिहून देणे माझ्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे कोणती गोळी घ्यावी हे कृपया मला विचारू नका.

प्राथमिक गोष्टी भरभर उरकते. मोठ्या माणसांच्या बाबतीत तीन आठवड्यांच्या आतला खोकला तात्पुरता, तीन ते आठ आठवड्यांचा मधला आणि आठ आठवड्यांपुढचा जुना धरतात. साध्या ब्राँकायटिसचा, म्हणजे श्वासनलिकांना सूज येते त्या आजाराचा, खोकला सरासरी १८ दिवस टिकतो आणि आपली अपेक्षा मात्र तो आठवड्याभरात जावा अशी असते. मधल्या या दहा-अकरा दिवसांतच अनावश्यक औषधांची निम्मी विक्री होत असावी, असे माझे मत आहे.

आता एक अट, आणि ती मोडून पुढचे काहीही करू नका. खोकल्याला दोन आठवडे झाले असतील, तर तो मागच्या आजाराचाच राहिलेला आहे हे घरी बसून ठरवायचे नाही. क्षयरोगाचा खोकलाही असाच मुकाट्याने सुरू होतो, आणि राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमाखाली सरकारी आरोग्य केंद्रांत त्याची तपासणी मोफत होते. बेडक्यात रक्त, संध्याकाळी येणारी कणकण, रात्रीचा घाम, उतरत चाललेले वजन, बसल्या जागी लागणारी धाप किंवा गेलेला ताप पुन्हा उलटणे, यांपैकी काहीही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. या तपासणीला आपण ‘थुंकी तपासणी’ म्हणतो आणि माझ्या मते सगळा घोटाळा या नावाने केला आहे, कारण माणसे प्रामाणिकपणे डबीत थुंकून देतात. प्रयोगशाळेला हवा असतो तो छातीतून आलेला बेडका. तोंडातली फेसाळ, पाण्यासारखी लाळ तिच्या कामाची नाही. सकाळी चहाच्या आधी साध्या पाण्याने चूळ भरा, इतरांपासून दूर मोकळ्या हवेत जा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि मग पोटातून जोर लावून खोका. जे घट्ट, चिकट बाहेर येईल ते डबीत टाका. खोकला कोरडाच असेल आणि काही येतच नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, म्हणजे ते एक्स-रे किंवा अन्य मार्ग धरतील.

तपासण्या झाल्या, काही निघाले नाही आणि खोकला तसाच आहे, असे धरून पुढे जाऊ. गुडघा खरचटला की खपली धरेपर्यंत घामाचा थेंब पडला तरी तो झोंबतो. संसर्गानंतर श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराची अवस्था काहीशी अशीच होते: जंतू गेलेला असतो, पण अस्तर सुजलेले असते आणि त्यातली खोकल्याची सूचना देणारी मज्जातंतूंची टोके इतकी हळवी झालेली असतात की एरवी ज्याची दखलही घेतली नसती, त्याने उबळ येते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मला स्वतःला छातीचा संसर्ग झाला होता. ताप पाच दिवसांत गेला, पण त्यानंतर नाशिकच्या सकाळच्या गारठ्यात स्कूटर चालवताना, देवघरातल्या उदबत्तीने, शेजारच्या घरातल्या लाल मिरचीच्या फोडणीने, आणि सर्वांत वाईट म्हणजे हसल्याने मला ढास लागत असे. सहाव्या आठवड्यात खोकला कधी थांबला, ते माझ्या लक्षातही आले नाही.

त्या सहा आठवड्यांत मला जे उमगले, ते असे. कोरड्या खोकल्याची प्रत्येक उबळ त्याच सुजलेल्या अस्तरावर पुन्हा आघात करते आणि पुढच्या उबळीची सोय करून ठेवते. म्हणून उबळ सुरू होण्याआधी, घशात खवखव जाणवते त्या दोन-तीन सेकंदांत, तिला अडवायचे असते. तोंड मिटा, एकदा आवंढा गिळा, चार-पाच सेकंद श्वास सहज रोखा आणि मग नाकाने अगदी छोटा, हलका श्वास घ्या. खांदे सैल ठेवा. खवखव उरली असेल तर हेच पुन्हा करा. जवळ कोमट पाणी असेल तर घोटभर प्या. करायला एवढेच आहे, पण चुकते ते नेमके शेवटच्या पायरीवर, म्हणजे श्वास रोखून झाल्यावर माणूस सुटकेचा मोठा श्वास तोंडाने घेतो. ती कोरडी, गार हवा थेट घशावर आदळते आणि अडवलेली उबळ दुप्पट जोराने येते.

आता माझ्या रागाचा विषय. माझ्या सासऱ्यांनी न्यूमोनियाचा कोर्स पूर्ण केला, ते बरे झाले आणि खोकला राहिला म्हणून औषधाच्या दुकानात गेले. तिथे त्यांना विचारण्यात आले, ‘मागचेच पान देऊ का?’ त्यांनी ते घेतले. पाच दिवस अँटिबायोटिक, वर चार दिवस जुलाब, आणि खोकला जागच्या जागी. अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करते. हळव्या झालेल्या मज्जातंतूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. उबळीनंतर उलटी होत असेल किंवा श्वास घेताना लांब, कर्कश आवाज येत असेल, तर तो डांग्या खोकला असू शकतो आणि तो मोठ्यांनाही होतो. त्यासाठी वेगळे औषध लागू शकते, पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे, दुकानाच्या फळीवरून हात घालून पान काढणाऱ्याचा नाही.

पुन्हा उबळ अडवण्याच्या त्या कृतीकडे येते, कारण एका काकांनी लिहिले आहे की त्यांनी दहा वेळा करून पाहिले आणि जमले नाही. काका, तुम्ही उबळ सुरू झाल्यावर तोंड मिटत असाल. त्या वेळी वेळ निघून गेलेली असते. मी एकदा नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसले होते, अंकातला सर्वांत शांत प्रसंग चालू होता आणि घशात खवखव सुरू झाली. पर्समध्ये खडीसाखर होती, पण तिचा प्लॅस्टिकचा कागद उलगडण्याचा आवाज खोकल्यापेक्षा मोठा झाला असता, त्यामुळे माझ्याकडे आवंढा आणि नाक एवढीच साधने उरली. चार वेळा गिळले, नाकाने मुंगीच्या पावलांनी श्वास घेतला आणि प्रसंग पार पडला. घरी, निवांत असताना, खवखव नसतानाही दिवसातून चार-पाच वेळा याचा सराव करा, म्हणजे गरजेच्या क्षणी शरीराला विचार करावा लागत नाही.

घरगुती उपायांबद्दल थोडे. झोपताना चमचाभर मध घशाला आराम देतो, मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवूही नका, कारण त्यातून बॉट्युलिझम हा जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. अडुळशाला हसणाऱ्यांसाठी एक माहिती: कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच तयार झाले. ज्येष्ठमध चघळायला हरकत नाही, पण रक्तदाब असलेल्यांनी तो रोज आणि भरपूर घेऊ नये. त्याने दाब वाढतो. वाफेने नाक मोकळे होते, पण उकळते पातेले अंगावर सांडून भाजलेली मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे लहानांसाठी तो प्रकार नकोच. दुधाने कफ वाढत नाही. दूध लाळेत मिसळून दाटसर लागते, एवढेच. मुलांच्या खोकल्याच्या औषधाबद्दल मी कठोर आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरपमुळे मुले दगावली, आणि केंद्राने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असे सांगितले. मोठ्यांच्या बाटलीतले अर्धा चमचा मुलाला देण्याचा उद्योग कृपया थांबवा.

तिसऱ्यांदा उबळ अडवण्याची तीच कृती, या वेळी एका ताईंच्या आक्षेपामुळे. त्या म्हणतात, खोकला दाबला तर कफ आत साठेल. आक्षेप बरोबर आहे आणि म्हणूनच ही कृती फक्त कोरड्या खोकल्यासाठी आहे. छातीत खरखर होत असेल, बेडका येत असेल, तर तो बाहेर काढायलाच हवा, पण घसा फाटेल इतके खोकून नाही. मध्यम श्वास घ्या, तोंड उघडे ठेवा आणि चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर ‘हा’ करून वाफ सोडतो, तसा श्वास पोटातून रेटत बाहेर सोडा. दोन-तीनदा केल्यावर कफ वर सरकतो, मग एकदाच खोका. नुसते खाकरत राहणे हा मात्र निव्वळ तोटा आहे. त्याने कफ निघत नाही आणि घसा तेवढा सोलवटतो.

आठ आठवडे उलटले, तर हा विषय माझ्या हातून सुटून डॉक्टरांकडे जातो. दम्याचा एक प्रकार केवळ खोकल्यातूनच दिसतो, आम्लपित्त आडवे झाल्यावर घशाशी येऊन ढास लावते, नाकातला स्राव मागच्या बाजूने घशात उतरत राहतो. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल, तर कोरडा खोकला त्या गोळीचाही असू शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर दुसऱ्या गटातली देऊ शकतात, आणि बदलल्यावरही खोकला थांबायला काही आठवडे लागतात.

राहिला तो प्रश्न बायका जाहीरपणे लिहीत नाहीत, खासगीत विचारतात: खोकताना लघवी निसटते, काय करावे? महिनाभराच्या खोकल्याने ओटीपोटाखालच्या स्नायूंवर ताण येतो आणि बाळंतपणे झालेल्यांना तो अधिक जाणवतो. यात लाजण्यासारखे काही नाही. लघवी आवरून धरताना आपण जे स्नायू आत ओढतो, तेच खोकण्याच्या क्षणभर आधी आवळा आणि खोकून होईपर्यंत आवळून ठेवा. उभ्या असाल तर पाय एकमेकांवर घ्या. यासाठी उबळ येण्याआधीची ती खवखव ओळखता यावी लागते, म्हणून ज्यांनी वरचा सराव मनावर घेतला आहे, त्यांना हे दोन-चार दिवसांत साधते. खोकला गेल्यावरही गळत राहिले, तर पॅड लावून वर्षे काढू नका, फिजिओथेरपिस्टकडे जा. या स्नायूंचे वेगळे व्यायाम असतात आणि ते समोर बसूनच शिकावे लागतात.