पार्ट-टाइम काम करताय? आधी आठवड्याचे १६८ तास मांडून बघा

(टेबलावर शंभर पानी वही, शेजारी चहाचा कप.)

नमस्कार मंडळी. चहा घेऊन बसा, आज जरा हिशोब करायचाय.

पुण्यात बी.एस्सी.ला असताना मी कॉलेजजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. संध्याकाळी पाच ते रात्री नऊ, रविवारी सुट्टी. पैसे थोडे होते, पण खानावळीचा महिना निघायचा आणि घरी फोन करून "पाठवा" म्हणावं लागत नव्हतं. एवढ्यावरही मी खूश होते. मग परीक्षेचा आठवडा आला. अख्खं कॉलेज दुकानासमोर रांगेत. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीची वही मी त्या आठवड्यात किमान तीस वेळा मशीनवर उलटी ठेवली असेल. पानन् पान डोळ्यांखालून गेलं आणि डोक्यात एकही शिरलं नाही. एक प्रत स्वतःसाठी काढून पिशवीत टाकली होती. ती पिशवीतच राहिली. फिजिकल केमिस्ट्रीला एटीकेटी लागली.

पुढे कितीतरी दिवस मी सगळ्यांना हेच सांगायचे की काम करत होते म्हणून विषय राहिला. घरच्यांनाही ते पटायचं. पण माझ्याच वर्गातला एक मुलगा कॉलेजच्या लायब्ररीत 'कमवा आणि शिका' योजनेत कामाला होता. आठवड्याला माझ्यापेक्षा काही तास कमी, एवढाच फरक. तो सगळ्या विषयांत सुटला. तो माझ्यापेक्षा हुशार होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. परीक्षा जवळ आली की लायब्ररीतलं त्याचं काम कमी व्हायचं आणि दुकानातलं माझं वाढायचं. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

म्हणजे काम करावं की करू नये, हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. तास किती, आणि ते तास कोणाच्या हातात, हे विचारायला हवं.

आधी 'किती' बघू. (वही उघडून कॅमेऱ्यासमोर धरते.)

आठवड्याला १६८ तास. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट असतात. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे शिकण्याचे ३० तास धरलेत. त्यात लेक्चर, प्रॅक्टिकल, घरचा अभ्यास, सबमिशन, सगळं आलं. २२ गुणिले ३० म्हणजे ६६० तास. सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं धरलं, तर आठवड्याला ४४ तास. "इतका अभ्यास कोण करतं?" असं म्हणून हसू नका. हसलात तरी चालेल, मीही हसले होते. पण कागदावर तुमचं शिक्षण आधीच पूर्ण वेळची नोकरी आहे. ते कुणी तुम्हाला तशा शब्दांत सांगत नाही, इतकंच.

झोप रोज आठ तास, म्हणजे ५६. कॉलेजला जाण्यायेण्यात रोज दोन तास, सहा दिवसांचे १२. हडपसरहून शिवाजीनगरला बसने येणारे म्हणतील, दोन कुठले, जास्तच लागतात. आंघोळ, जेवण, कपडे धुणं, मेसचा डबा आणणं याचे रोज तीन तास, म्हणजे २१. बेरीज १३३. उरले ३५.

या ३५ तासांत काम बसवायचंय. आणि मित्र, आजारपण, गावाकडची जत्रा आणि नुसतं छताकडे बघत पडणं, हेही त्यातच.

आठवड्याला पंधरा तास काम धरलं, तर वीस उरतात. जमतं. संध्याकाळी पाच तास, सहा दिवस डिलिव्हरी केली, तर तीस गेले आणि पाच उरले. तेही कागदावर. पावसात ऑर्डर वाढतात, इन्सेंटिव्हचं टार्गेट दोन ऑर्डरवर येऊन थांबलेलं असतं, आणि मग "एवढ्या करून निघतो" म्हणता म्हणता साडेअकरा वाजतात. रात्रपाळीचं कॉल सेंटर धरा. नऊ तासांची शिफ्ट, सहा दिवस, म्हणजे ५४. खाते १९ तासांनी उणे. हे १९ तास कुठून येतात? आधी झोपेतून, मग लेक्चरमधून. घरी सांगताना मात्र "सगळं जमतंय".

वेगवेगळ्या देशांत यावर बरंच संशोधन झालंय आणि त्याचा सूर साधारण एकच आहे. आठवड्याला दहा-पंधरा तासांपर्यंत मार्कांवर फारसा परिणाम दिसत नाही. वीसच्या पुढे घसरण दिसायला लागते. पण यात एक गोम आहे. जास्त तास कोण काम करतं? ज्याला पैशांची जास्त गरज आहे तो. ज्याच्याकडे स्वतःची खोली नाही, क्लास नाही, कधीकधी लॅपटॉपही नाही. त्याचे मार्क पडले तर सगळं खापर कामावर फोडणं हा सोपा निष्कर्ष झाला. काम सोडायला लावलं म्हणून त्याच्या खोलीचं भाडं कोण भरणार?

परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे तास तोंडपाठ असतात. ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला २० तास. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. कॅनडाने २०२४च्या नोव्हेंबरपासून कॅम्पसबाहेरच्या कामाची मर्यादा आठवड्याला २४ तास केली. हे नियम मुलांचा अभ्यास व्हावा या कळवळ्याने आलेत असं समजू नका, ते व्हिसाचे नियम आहेत. मोडले तर व्हिसा जातो. म्हणून कुणी "जास्तीचे तास रोख देतो, कुठे नोंद नाही" म्हणालं, तर ते आमिषच समजा. तिथल्या स्थानिक मुलांना ही मर्यादा नाही. ब्रिटनमधल्या २०२५च्या एका मोठ्या विद्यार्थी पाहणीत टर्म चालू असताना पगारी काम करणाऱ्यांचं प्रमाण ६८ टक्के निघालं. एक वर्ष आधी ते ५६ होतं. तेव्हा "आमच्यावरच ही वेळ आली" असं वाटत असेल, तर तसं नाहीये.

आपल्याकडे पदवीच्या मुलाने आठवड्याला किती तास काम केलं, हे मोजणारं कुणीच नाही. कॉलेज मोजतं ती हजेरी. पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेलात की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. वर्गात का नव्हता, हे त्या लिस्टमध्ये येत नाही.

आता 'कोणाच्या हातात'. मला यावर जास्त बोलायचंय.

केटरिंगला जाणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. काळी पँट, पांढरा शर्ट, मंगल कार्यालयात वाढायला. एका रात्रीचे रोख पैसे, वर जेवण. वरवर पाहता विद्यार्थ्यासाठी अगदी सोयीचं, हवं तेव्हा जा. पण कॅलेंडर बघा. तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू होते, आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास असतात. एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा तेच. अभ्यास हलका असतो तेव्हा काम नसतं, आणि काम असतं तेव्हा पेपर असतो. मॉलमधल्या दुकानांची गर्दी दिवाळीला. झेरॉक्सवाल्याची परीक्षेला, हे मी भोगलंय. बाजाराचा हंगाम आणि विद्यापीठाचा हंगाम एकमेकांवर चढलेले असतात. पंधराच तास काम करणारा मुलगाही याच ठिकाणी सापडतो, कारण त्याचे पंधरा तास नेमके चुकीच्या आठवड्यात पंचवीस होतात.

हे कोडं महाराष्ट्रात एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटील. स्वतः शाळेत फार पुढे न गेलेला माणूस. काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र. मुलं शेतात काम करायची, स्वयंपाकाला हात लावायची, आणि शिकायची. बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, ही गोष्ट साताऱ्याकडे अजून सांगितली जाते. पुढे १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि 'कमवा आणि शिका' कॉलेजात पोचली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' ही ओळ तुम्ही रयतच्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर नक्की वाचली असेल.

शाळेत आपल्याला यातून श्रमाचं महत्त्व शिकवतात. ते ठीकच आहे. मला त्यातली योजकता जास्त आवडते. काम जिथे शिकतोय तिथेच, म्हणजे प्रवासाचा वेळ शून्य. काम देणारा आणि शिकवणारा एकाच संस्थेतला, म्हणजे उद्या पेपर आहे हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. आजही विद्यापीठांत ही योजना आहे. लायब्ररी, ऑफिस, बाग, प्रयोगशाळा, रोजचे दोन-तीन तास. शिवाय सोबत काम करणारे सगळे तुमच्यासारखेच, त्यामुळे लाजायचं कारण उरत नाही.

खोट एकच. मानधन. ताशी जे मिळतं त्यात पुण्यातली कॉट बेसिसची जागा आणि दोन वेळची मेस, दोन्ही निघत नाही. म्हणून मुलगा दिवसा कमवा-शिकाला आणि रात्री आणखी कुठेतरी. मग योजनेचा सगळा फायदा पाण्यात. ही रक्कम शहरातल्या जगण्याच्या खर्चाला जोडायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

फीबद्दल आपण खूप बोलतो. २०२४-२५पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. उत्तमच झालं. पण फी माफ झालेली मुलगी पुण्यात राहणार कुठे आणि जेवणार काय? दर महिन्याला तोंड वासून उभा राहणारा खर्च तोच असतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. त्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भोजन, निवास आणि इतर खर्चाचे मिळून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. काम शोधायला निघण्याआधी या दोन्हींची चौकशी समाजकल्याण कार्यालयात किंवा कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर करा. महिन्याला पाच हजार आले, तर आठवड्याचे कितीतरी तास परत मिळतात.

(चहाचा घोट घेते. गार झालाय.)

आता मनाचं. मार्कांचं नुकसान मार्कशीटवर दिसतं, हे दिसत नाही. पहिली जाते ती झोप. दिवसभर वाचलेलं पक्कं बसवायचं काम मेंदू झोपेत करतो. म्हणजे झोप कापून अभ्यास केला, तर भरल्यासारखं वाटतं, पण तळाला भोक असतं. त्यानंतर कट्टा जातो. लेक्चर संपलं की सगळे चहाला, आणि तुम्ही बसस्टॉपवर. कोणत्या सरांच्या प्रश्नांचा कल काय, इंटर्नलची तारीख बदलली का, कुठे इंटर्नशिपचे फॉर्म निघालेत, हे सगळं चहाच्या टपरीवर कळतं. नोटिस बोर्डावर नंतर लागतं. काम करणाऱ्या मुलाचा अभ्यास बुडतो त्यातला एक हिस्सा असा, नुसता बातमी न कळल्याने.

आणि एक चमत्कारिक अपराधीपणा असतो. कामावर असताना अभ्यास बुडतोय म्हणून, आणि अभ्यासाला बसलं की आजचा रोज बुडाला म्हणून. दोन्हीकडे उसनं बसल्यासारखं. महिनोन्महिने झोप लागत नसेल, जेवावंसं वाटत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर दुकानातले काका रागावतील. पहिल्या पगारातून मी आईसाठी प्रेशर कुकर घेतला. अनोळखी माणसाशी न अडखळता बोलायला, उधारी मागायला, "आज जमणार नाही" म्हणायला मी त्या काउंटरवर शिकले. वर्गात ते कुणी शिकवलं नसतं. शेवटचं वाक्य शिकायला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला.

एटीकेटीनंतरच्या सेमिस्टरला मी एक साधी गोष्ट केली. परीक्षेचं वेळापत्रक लागलं त्याच दिवशी त्याची एक प्रत काढली, दुकानातच, आणि काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवली. रेट कार्डच्या शेजारी. काकांना म्हटलं, आदल्या दिवशी मी येणार नाही, त्याचे पैसे कापा. मला वाटलं, आता नोकरी गेली. ते चष्मा वर करून बराच वेळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "अगं, हे आधी का नाही सांगितलंस? गेल्या वेळी मला वाटलं, तुला पैशांची नड आहे म्हणून तू रोज येतेस." संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजात शिकणारा त्यांचा भाचा आला, तर त्याचंही वेळापत्रक त्यांनी मागवून घेतलं. दोन्ही कागद शेजारी लावले, आणि कुणी कधी यायचं त्या तारखांना पेनाने गोल केले.

फिजिकल केमिस्ट्रीच्या आदल्या दिवशी भाचा मशीनवर होता. मी रांगेत उभी राहून त्याच वहीची झेरॉक्स काढून घेतली. त्याने माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले.